सायलेंट हिल नव्याने घडवायचा तर नेमकं काय राखायचं?

पायवाट

नमस्कार मंडळी. मी गेम डिझाइन शिकतोय. आम्हाला एक काम मिळालंय: जुना सायकॉलॉजिकल सर्व्हायव्हल हॉरर गेम निवडायचा आणि आजच्या खेळाडूसाठी तो नव्याने कसा घडवाल याचा आराखडा मांडायचा. मी 'सायलेंट हिल'चा पहिला भाग घेतलाय, १९९९ चा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. ब्लूबर टीम हा स्टुडिओ त्याचा रीमेक करतोय हे माहीत आहे. म्हणूनच तो बाहेर यायच्या आत स्वतःचा विचार स्वतः करून बघायचाय.

अडचण दुसऱ्या भागापासून सुरू झाली. मी आधी २०२४ चा 'सायलेंट हिल २' रीमेक खेळलो आणि मला तो मनापासून आवडला. मग मूळ २००१ चा खेळलो. चेहरे ताठ, कॅमेरा हवा तिथे वळत नाही, नायक जेम्स खिळ्यांची फळी फिरवतो तेव्हा कितीतरी फटके हवेतच जातात. तरीही त्यानं जे केलं ते रीमेकनं केलं नाही. रीमेकमध्ये मी घाबरलो. मूळ गेममध्ये ओशाळल्यासारखं वाटत राहिलं, जणू माझ्यावर कुणाची तरी नजर आहे. जेम्सवर नाही, माझ्यावर.

आराखड्यात सध्या दोन रकाने आहेत, 'ठेवायचं' आणि 'बदलायचं'. धुकं, रेडिओची खरखर, सायरन, गंजलेल्या जाळ्यांचं ते दुसरं जग हे सगळं पहिल्या रकान्यात. कॅमेरा, मारामारी, कंट्रोल्स दुसऱ्यात. पण हे रकाने माझे मलाच पटत नाहीत. ही यादी कुणीही केली असती. मूळ गेम्स नीट खेळलेल्यांनी जरा बोला. सगळे भाग मी पूर्ण केलेत, त्यामुळे कथानक फोडलंत तरी चालेल. ज्यांना ते कळायला नकोय त्यांनी मात्र इथेच थांबा.

रातवा

माझ्या मते रीमेकचं दुखणं एकच: मारामारी फार. मूळ दुसरा भाग सातआठ तासांत संपायचा, रीमेक जवळपास दुप्पट वेळ घेतो आणि वाढलेल्या वेळातला मोठा वाटा झटापटीत जातो. जेम्सला आता झटकन बाजूला उडी मारता येते. ती जमायला लागली की राक्षस समोर आला तरी हात थरथरत नाहीत. तुरुंगापर्यंत पोचेस्तोवर मी ठरावीक लयीत लढत होतो. मुलगी शोधणारा बाप (पहिल्या भागातला हॅरी) किंवा मेलेल्या बायकोचं पत्र घेऊन आलेला नवरा (जेम्स) इतका तरबेज व्हायला नको.

मूळ खेळायचाच असेल तर जुन्या पीसी आवृत्तीवर चाहत्यांनी केलेली 'एन्हान्स्ड एडिशन' बसवा. धुकं, सावल्या, आवाज यांवर त्यांनी फार माया लावून काम केलंय.

कवडसा

पायवाट, तुम्ही वस्तूंची यादी केलीत, म्हणून रकाने पटत नाहीत असं मला वाटतं. या गेममधली प्रत्येक वस्तू काही ना काही काम करते. आधी ते काम लिहा. वस्तू ठेवायची की नाही ते नंतर आपोआप ठरेल.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते, त्यामुळे माझी नजर आधी उजेड-अंधाराकडे जाते. धुकंच घ्या. त्याच काळातल्या 'रेझिडेंट इव्हिल'मध्ये मागची दृश्यं आधीच रंगवून ठेवलेली होती, खेळाडू त्यावरून फिरायचा. टीम सायलेंटनं, म्हणजे मूळ गेम करणाऱ्यांनी, अख्खं गाव थ्रीडीत उभं केलं, खेळता खेळता तिथल्या तिथे चितारलं जाणारं. त्या प्लेस्टेशनला लांबचं काही दाखवणं झेपत नव्हतं. म्हणून दिवसा धुकं आणि रात्री काळोख. ही झाली यंत्राची गरज. पण त्यातून जे घडलं ते बघा. हॅरीभोवती चार पावलांचं वर्तुळ उरलं. त्या वर्तुळाबाहेर काहीतरी आहे हे रेडिओ सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. खेळाडूचे कान डोळ्यांच्या पुढे धावायला लागतात आणि जे दिसत नाही ते तो स्वतःच्या मनातून भरतो. धुक्याचं काम हे.

आता २०१२ ची एचडी कलेक्शन आठवा. तिच्यात दुसरा आणि तिसरा भाग होता, गोष्ट तीच, गाव तेच, राक्षस तेच. मालिकेची मालक कंपनी कोनामी, तिच्याकडून ती करणाऱ्यांच्या हाती आलेला सोर्स कोड मुळात अंतिम नव्हता, आणि जे बाहेर आलं त्यात धुकं विरळ झालं होतं. जेम्स होडीतून तोलुका तलाव ओलांडतो त्या दृश्यात पाणी सुरीनं कापल्यासारखं सरळ रेषेत संपताना दिसायचं. तुमच्या पहिल्या रकान्यातलं जवळजवळ सगळं त्या आवृत्तीत होतं. काम मात्र होत नव्हतं.

आणि नेमकं उलट उदाहरण म्हणजे २००९ चा 'शॅटर्ड मेमरीज'. क्लायमॅक्स स्टुडिओनं केलेला, सॅम बार्लो त्याचे लेखक आणि प्रमुख डिझायनर. पहिल्या भागाचीच नव्याने केलेली कल्पना. त्यांनी काय काय टाकून दिलं? शस्त्रं टाकली, लढाई पूर्ण काढली. गंज आणि रक्ताचं दुसरं जग काढून तिथे बर्फ आणला. हॅरी फक्त पळतो. वी कन्सोलचा रिमोट हीच त्याची बॅटरी आणि तोच फोन, कॉल आला की आवाज हातातल्या रिमोटमधून यायचा. अधूनमधून तुम्ही एका मानसोपचारतज्ज्ञासमोर बसता. तो प्रश्न विचारतो, चित्र रंगवायला देतो. तुम्ही घराला जे रंग द्याल त्याच रंगांचं घर पुढे हॅरीला भेटतं. तुमच्या उत्तरांवरून माणसांचे कपडे, बोलणं, स्वभाव बदलतात. एवढी मोडतोड करूनही मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. गाव माणसाच्या आत डोकावतं आणि तेच त्याच्यासमोर उभं करतं, हा या मालिकेचा गाभा आहे. त्यांनी तोच उचलला आणि नजर पात्रावरून खेळाडूवर वळवली. शेवटी कळतं की उपचार घेणारी हॅरीची मुलगी शेरिल आहे, मोठी झालेली, आणि वडील कधीच अपघातात गेलेत. तोवर शोधतोय तो बाप हे आपण धरूनच चाललेलो असतो.

आता तुमच्या ओशाळलेपणाकडे येते, कारण मला तुमच्या प्रश्नातला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटला.

मूळ दुसऱ्या भागात कॅमेरा कोपऱ्यात, छताजवळ, कधी लांब दाराशी बसलेला असतो. जेम्सला काय दिसतंय त्याआधी आपल्याला जेम्स दिसतो. सुरुवातच आठवा: घाणेरड्या स्वच्छतागृहातल्या आरशात स्वतःचा चेहरा बघणारा माणूस. पहिल्या क्षणापासून गेम सांगतो, हा माणूस बघण्याची गोष्ट आहे. रंगमंचावर एखाद्या पात्रावर वरून, थोडा मागून प्रकाश टाकला की प्रेक्षक त्याच्या बाजूनं उभा राहत नाही, त्याला पारखायला लागतो. कॅमेरा खांद्यामागे आणला की ते नातंच बदलतं. आपण जेम्सच्या बाजूचे होतो, त्याच्या पाठीशी. भीती समोरून येते, आणि ती चांगलीच येते. ब्लूबरनं ते काम मन लावून केलंय. मॅनेक्विन, म्हणजे दुकानातल्या पुतळ्यांसारख्या त्या आकृत्या बघा, अंधाऱ्या कोपऱ्यात, सामानाआड निश्चल उभ्या राहतात. दार उघडलं की आधी खोलीचे कोपरे चाचपावे लागतात. कॅमेऱ्याकडून गेलेलं काही काम त्यांनी खोल्यांच्या रचनेवर सोपवलं. पारखणारी नजर मात्र त्यात हरवली.

सगळी हरवली नाही, हेही सांगायला हवं. जेम्सचा शेवट ठरवणारं गुपित हिशेबखातं रीमेकनं राखलंय. बायको मेरीचा फोटो तुम्ही पुन्हा काढून बघता का, गावात भेटलेल्या अँजेलानं दिलेली सुरी न्याहाळत बसता का, जखमी झाल्यावर उपचार करता की तसेच फिरता, मेरीसारख्याच दिसणाऱ्या मारियाला किती जपता. यातलं काहीच गेम विचारत नाही, नुसतं टिपत राहतो. शेवटी जेम्स गावातून बाहेर पडतो की तलावात जातो ते यावर ठरतं. तुमच्यावर नजर आहे असं वाटत होतं ना? ती होतीच. 'तुम्ही इथे कोण आहात' हा प्रश्न एकदाही न विचारता त्याचं उत्तर काढून घेणं, याहून धीट रचना मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेली नाही, आणि कुणी ती गुण-पट्टी किंवा पर्यायांच्या बटणांमध्ये बदलली तर मला फार वाईट वाटेल.

अजून एक गोष्ट, पिरॅमिड हेडची, दुसऱ्या भागातल्या लोखंडी त्रिकोणी डोक्याच्या राक्षसाची. राक्षसांची रचना करणाऱ्या मासाहिरो इतो यांनी तो जेम्ससाठी घडवला, जेम्सला शिक्षा हवी आहे म्हणून तो आहे. आजारी मेरीला आपणच मारलं हे सत्य जेम्सला मान्य होतं तेव्हा त्याचं काम संपतं आणि तो स्वतःला संपवतो. मालिकेच्याच २००८ च्या 'होमकमिंग' या भागात त्याला दुसऱ्याच माणसाच्या गोष्टीत आणून उभा केला. तोच लोखंडी त्रिकोण, तोच सुरा, पण कुणाची शिक्षा? 'ठेवायचं' या रकान्याचा हा सगळ्यात मोठा धोका आहे.

पारिजात

मी गेम्स फार खेळत नाही. धाकट्या भावानं बळेबळे दुसरा भाग खेळायला लावला. पण कवडसा यांचं वाचून लिहावंसं वाटलं.

मी आईचं लांबलेलं आजारपण काढलंय. शेवटाकडे हॉटेलच्या लांब कॉरिडॉरमधून जेम्स चालत असतो आणि मेरीचा आवाज ऐकू येतो. तिनं फुलं नाकारलेली, त्याला हाकललेलं, आणि लगेच जाऊ नकोस म्हणून विनवलेलं. त्या कॉरिडॉरमध्ये काहीही समोर येत नाही. कुणी उडी मारत नाही. फक्त चालायचं आणि ऐकायचं. आजारी माणसाचं रागावणं आणि सेवा करणाऱ्याचं आतून थकून जाणं इतकं खरं मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. भाऊ नंतर म्हणाला की ते बोलणं पूर्ण ऐकलं की नाही यावरही शेवट अवलंबून असतो. मी तिथे थांबूनच राहिले होते, पुढचं दार उघडायची इच्छाच होत नव्हती.

पायवाट, नवीन काय घालायचं ते घाला. पण अशा जागा रिकाम्या ठेवा. तिथे राक्षस आणला असता तर मी मेरीचं ऐकलंच नसतं.

पायवाट

पारिजात, मनापासून आभार. हे तुम्ही इथे लिहिलंत ते फार मोठं आहे.

कवडसाताई, 'काम' हा तिसरा रकाना केला आणि पहिले दोन सध्या पुसून टाकले. पण लगेच अडलो, ते गल्लीपाशी. पहिल्या भागाच्या सुरुवातीला हॅरी शेरिलच्या मागे गल्लीत शिरतो तो प्रसंग. तिथे अख्खं दृश्य कॅमेराच घडवतो. वर जातो, तिरका होतो, हॅरीला वरून मुंगीएवढा दाखवतो. खांद्यामागचा कॅमेरा घेतला तर हे सगळं जातं. आणि स्थिर कॅमेरा ठेवला तर आजचा खेळाडू दोन मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवेल अशी वर्गात सगळ्यांची खात्री आहे.

कवडसा

गल्लीत काय काय होतं ते क्रमानं मांडून बघू.

धुक्यातून पावलांच्या आवाजामागे जायचं. फाटक. मग भिंती जवळ येत जातात. एक उलटी पडलेली व्हीलचेअर, तिचं चाक अजून फिरतंय. सायरन वाजतो आणि अंधार पडतो, हॅरीच्या हातात इवलासा जाळ. पुढे रक्तानं माखलेलं स्ट्रेचर, मग जाळीला अडकवलेलं प्रेत. वळलो तर सुऱ्या घेतलेली लहान मुलांच्या आकाराची काहीतरी. आलो ती वाट बंद. हातात काही नाही. हॅरी पडतो. आणि कॅफेत जागा होतो, समोर पोलीस सिबिल.

कॅमेऱ्याचा तिरकेपणा तिथे दोन कामं करतो असं मला दिसतं. पहिलं, दिशा हरवते. कॅमेरा फिरला की पुढे कुठलं आणि मागे कुठलं ते हाताला कळेनासं होतं. दुसरं, खेळाडूच्या हातातला ताबा हळूहळू सुटतो, आणि मग ज्यातून वाचताच येत नाही अशा मरणाकडे त्याला नेलं जातं. आपण हरलो ते आपल्या चुकीनं नाही, या गावात तसंच होतं, हे त्याला पहिल्या काही मिनिटांत समजतं. कॅफेत जाग आल्यावरही ते स्वप्न होतं की काय याचा उलगडा नीट होत नाही.

ही दोन कामं खांद्यामागच्या कॅमेऱ्यानंही होतील. जाळ हातात आहे ना, मग प्रकाश वापरा. सायरन झाला की कॅमेरा तसाच ठेवा, पण उजेड हॅरीच्या हाताच्या अंतराएवढाच राहू दे. भिंतींचा पोत दोन्ही बाजूंना सारखा करा. खेळाडू वळला की आत्ताच पार केलेलं वळण तिथे नसावं. पावलांचा आवाज आधी समोरून येत होता, तो आता वरून येऊ दे. मुलं आली की बटणांना हॅरी प्रतिसाद देतो, पण उशिरा, मग अजून उशिरा. 'पळा' अशी सूचना पडद्यावर अजिबात नको. आणि तो पडल्यावर कॅमेऱ्यानं एकदाच, पहिल्यांदाच, खांदा सोडून वर जावं. पूर्ण गेममध्ये ती वरची नजर मोजक्या ठिकाणी परत आणा. खेळाडूला कळायला लागेल की ती आली म्हणजे गाव बघतंय. मूळ गेममध्ये ती नजर बऱ्याचदा यायची. तुमच्या गेममध्ये ती क्वचित आणि म्हणून जास्त बोचणारी होईल.

वर्गातल्यांचं म्हणणं एका बाबतीत मला पटत नाही. आजचा खेळाडू अडचण सोसत नाही असं नाही. पी.टी., म्हणजे सायलेंट हिलच्या एका नव्या भागाची खेळता येणारी झलक, २०१४ मध्ये आला तेव्हा त्यात एकच एल आकाराचा कॉरिडॉर होता, पुन्हा पुन्हा तोच, काय करायचं याचा पत्ता नाही. लोकांनी तो जिवापाड खेळला. अडचणीला अर्थ असला की माणूस थांबतो.

रातवा

मारामारीबद्दल मी वर बोललो, त्याला ताईंचाच नियम लावून बघतो. पहिल्या भागात हॅरी धावता धावता भिंतीवर आपटतो, हात पुढे करून सावरतो. जास्त पळाला की धापा टाकतो. लांबून झाडलेल्या गोळ्या चुकतात. तेव्हा याला 'खराब कंट्रोल्स' म्हणायचे. पण तो लेखक आहे, पोलीस नाही, हे त्या आपटण्यातूनच कळायचं. मग नव्या गेममध्ये कंट्रोल्स चांगले करा, हॅरीला चांगला करू नका. बटण दाबलं की लगेच प्रतिसाद हवा, पण तो प्रतिसाद घाबरलेल्या माणसाचा असावा. बंदूक धरल्यावर नेम डगमगू दे. उडी मारून चुकवणं नकोच, मागे सरकताना ठेचकाळणं ठेवा. आणि राक्षसांची संख्या कमी करा. शाळेच्या एका मजल्यावर दोन असले तरी पुरे, फक्त ते कुठल्या वर्गात आहेत ते ठरलेलं नसावं.

बॅटरीचंही बघा. ती खिशाला लावलेली, त्यामुळे उजेड शरीर वळेल तिकडेच. आणि ती बंद करता येते. बंद केली की राक्षसांना तुम्ही पटकन दिसत नाही, पण तुम्हालाही नकाशा वाचता येत नाही. एवढ्या साध्या देवाणघेवाणीवर अख्खा मिडविच शाळेचा भाग उभा राहील.

कवडसा

रातवा, बॅटरीचं अगदी नेमकं. बघता यावं म्हणून स्वतः दिसून यावं लागणं, हे मी तर त्या आराखड्याच्या मधोमध लिहीन.

पायवाट

ठरलं. पूर्ण गेमचा आराखडा मोठा होतोय, तो थोडक्यात देतो आणि फक्त गल्लीचा चालता नमुना करतो. सायरनच्या आधी उजेड भरपूर, नंतर हाताएवढा, मागचं वळण नाहीसं होणारं, प्रतिसाद मंदावत जाणारा आणि शेवटी कॅमेरा वर. बॅटरीची देवाणघेवाण गल्लीत बसत नाही, ती कागदावर राहील. कॉरिडॉरसारखी एक रिकामी जागाही हवी, ती कॅफेत जाग आल्यानंतर सिबिल बाहेर पडल्यावर ठेवता येईल असं वाटतंय. मूळ गेममध्ये तिथे रेडिओ खरखरतो आणि खिडकी फोडून पंखवाला राक्षस येतो. मी खरखर ठेवीन, राक्षस थोडा उशिरा आणीन.

कवडसा

किती उशिरा ते कागदावर ठरवू नका. मालिका माहीत नसलेल्या कुणाला तरी खेळायला बसवा आणि त्याचे हात बघा. तो कॅफेतली खुर्ची, टेबल, पडलेला कागद असं काहीतरी स्वतःहून तपासायला लागला, की त्यानंतर खिडकी फोडा. नमुना झाला की दुवा इथेच टाका, आवाजासकट. मी हेडफोन लावून, दिवे घालवून खेळेन आणि उजेडाबद्दल सविस्तर कळवेन.